मॅचच्या रात्री ट्रामच्या रुळात अडकलेला बोल्ट

मी फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेराँला रस्त्यांच्या मोजमापाचं काम करतो. मिशलँ या टायर कंपनीचं गाव हे, त्यामुळे इथली ट्रामसुद्धा टायरवर पळते, 2006 पासून. मधोमध एकच रूळ, त्याला दोन तिरकी गाइड चाकं दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी धरून असतात, गाडीचं वजन मात्र सगळं टायरवर. करंट वरच्या तारेतून येतो आणि परत जातो तो याच रुळातून, कारण रबरातून कुठला जाणार!

आता गंमत अशी की बसचा ड्रायव्हर जरा इकडेतिकडे होतो, ही गाडी होऊच शकत नाही, दिवसभर टायर त्याच पट्ट्यावरून, म्हणून रस्त्याला चाकोरी पडते आणि स्टॉपपाशी ब्रेक लागतात तिथे तर जास्तच. ती खोली मोजणं हे माझं काम. म्हणजे रूळही सांभाळा आणि रस्ताही सांभाळा, मला विचाराल तर हा दुहेरी खर्च आहे. काँ शहरानं असली रूळ-अधिक-टायरवाली ट्राम 2017 ला बंद केली, नाँसीनं 2023 ला. त्यांची गाडी वेगळ्या बनावटीची होती म्हणा.

त्या रात्री स्टाद मार्सेल-मिशलँला रग्बीची मॅच होती, पिवळ्या-निळ्या जर्सीवाल्यांची नुसती जत्रा. शेवटची ट्राम गेली, तारेतला करंट बंद झाल्याचा निरोप आला आणि आम्ही स्टेडियमच्या स्टॉपवर उतरलो. रुळाच्या कडेच्या खाचेत बिअरच्या बाटल्यांची बुचं चेपून बसलेली, ती काढणं तसं रोजचंच. पण आमचे सीनियर टेक्निशियन टॉर्च घेऊन वाकले ते उठेचनात. कुठल्यातरी बॅरिकेडचा अंगठ्याएवढा बोल्ट रुळाला घासून आडवा रुतला होता. गाइड चाक त्यावर चढलं तर रुळावरची पकड सुटणार, आणि पकड सुटली की गाडी वळणावर कुठेही जाईल.

स्क्रूड्रायव्हरनं हलेना. पक्कड घसरत होती. छिन्नी लावावी तर रुळाला टवका उडायची भीती, त्यामुळे ते काँक्रीटच्या बाजूनं एकेक कपचा काढत बसले आणि मी टॉर्च धरून, तेवढ्यात कंट्रोल रूमचा फोन, लाइन कधी मोकळी करताय? मी फोन त्यांच्या कानाला लावला तर ते शांतपणे म्हणाले, "बोल्ट निघाला की. त्याआधी गाडी सोडायची नाही." आणि परत छिन्नी. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं, कारण पलीकडचा आवाज चांगलाच तापला होता.

निघाला एकदाचा. मग खाच झाडून घेतली, उडालेल्या कपच्यांवर तात्पुरता मसाला भरला, आणि लाइन परत द्यायची वेळ झाली. माझे दोन स्टॉप मोजायचे राहिलेच होते, ते पुढच्या रात्रीवर ढकलले. रिपोर्टमध्ये चाकोरीची खोली आली, बोल्टसाठी रकानाच नव्हता, तो मी खाली शेऱ्यात लिहिला.