गराडू आईंच्या खोलीत

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

तो माझ्याकडे आला नाही. परवा रात्रीपासून एवढंच मनात घोळतंय. काल दिवसभर कामात होते, तरी मध्येच आठवायचं आणि घशाशी आवंढा यायचा. कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं की म्हणणार, अगं, कुत्रं ते. ह्यांना सांगितलं तर हेही तेच म्हणाले, फक्त जरा मायेने. म्हणून इथे लिहायला बसले.

ग्यारसला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, फटाके फुटणार हे धरूनच चाललो होतो. दिवाळीतले उरलेले सगळे आपल्याकडे त्या दिवशी बाहेर निघतात. डॉक्टरांनी दिवाळीच्या आधीच बजावून ठेवलं होतं: अंधार पडायच्या आत फिरवून आणा, खिडक्या लावून घ्या, पंखा आणि टीव्ही चालू असू द्या म्हणजे बाहेरचा आवाज एकदम अंगावर येत नाही, आणि तो जिथे लपेल तिथे लपू द्या, ओढून काढू नका. दिवाळीत हे सगळं नीट जमलं. परवा संध्याकाळी तुळशीचं लग्नही छान झालं. खालच्या भाभींची मुलं वर आली होती. ‘बोर भाजी आंवला, उठो देव सांवला’ म्हणत ती उसाच्या मांडवाभोवती फिरत होती आणि त्यांच्या मागे गराडू, तोंडात उसाचं कांडं धरून. मंगलाष्टकं सुरू झाल्यावर त्याने ते कांडं खाली ठेवलं, मान वर केली आणि लांब सूर लावला. अक्षता टाकता टाकता सगळे हसत होते. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यासुद्धा.

मग रात्री मॅच. पावसाने ती उशिरा सुरू झालेली, त्यामुळे निकाल लागायला बारा वाजले. हरमनप्रीतने मागे पळत जाऊन शेवटचा झेल घेतला तेव्हा मी खुर्चीतून उठून ओरडले. ५२ धावांनी जिंकलो. आपल्या मुलींनी पहिल्यांदा विश्वचषक आणला! दोनच आठवड्यांपूर्वी, १९ ऑक्टोबरला, याच मुली आपल्या होळकर स्टेडियमवर इंग्लंडशी अवघ्या ४ धावांनी हरल्या होत्या, तेव्हा रात्रभर वाईट वाटत राहिलं होतं. त्यामुळे परवाचा आनंद फार मोठा होता, आणि तो मला आणखी पाच मिनिटं मिळायला हवा होता.

पण इंदूर आहे. मॅच जिंकली की सगळं गाव राजवाड्यावर. रामबागेतली पोरं गाड्यांवर तिघं तिघं बसून ‘भिया, जीत गए’ करत निघाली आणि जाता जाता आमच्या फाटकाशी सुतळी बॉम्बची लड लावून गेली.

गराडू माझ्या खुर्चीखाली होता. पहिल्याच आवाजाला तडफडून उठला. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, पाय लटलटत होते, जीभ सारखी ओठांवरून फिरत होती. मी खाली फरशीवर बसले, दोन्ही हात पसरले. ये बाळा, ये इकडे, आहे मी. त्याने माझ्याकडे पाहिलं. दिसलेच नसते तर मनाची समजूत घातली असती. त्याने नीट पाहिलं, आणि माझ्या हातांना वळसा घालून आतल्या खोलीत गेला. आईंच्या.

मी मागोमाग गेले. पलंगाखाली असेल म्हणून वाकले तर तो पलंगाखालीही नव्हता. आईंच्या पलंगाला अंग चिकटवून बसला होता, हनुवटी गादीच्या काठावर. आणि आईंचा हात त्याच्या डोक्यावर. आंघोळीनंतर ज्याची सावली पदराला लागलेली चालत नाही, त्याच्या डोक्यावर.

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन बसले. फटाके दीडपर्यंत चालले होते.

आता हे लिहिताना वाटतं, याचं मला का इतकं लागावं? पण लागलं. मागच्या पावसाळ्यात टिक फीवर, म्हणजे गोचिडीचा ताप, झाला तेव्हा याच्याजवळ कोण होतं? प्लेटलेट्स इतक्या खाली गेल्या होत्या की नाकातून रक्त आलं. डॉक्सीसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स, तोही रिकाम्या पोटी द्यायचा नाही, उलटी होते. तेव्हा हा काही खायला तयार नव्हता, तर मी दहीभात बोटाने टाळ्याला लावून भरवत होते. रोज रात्री बॅटरी घेऊन त्याच्या बोटांच्या बेचक्या, कानांच्या घड्या, गळपट्ट्याखालची जागा तपासते. गोचिडी काढायचा चिमटा माझ्या शिवणाच्या डब्यात असतो. नखं मी कापते. कानात औषध मी घालते. आंघोळ मी घालते. आणि आई? त्या त्याला ‘हट मेल्या’ याखेरीज काही बोलल्याचं मला आठवत नाही.

अर्थात त्यातच उत्तर आहे, हे कळतं मला. माझे हात जवळ आले की गोळी येते, चिमटा येतो, कानात गार थेंब पडतात. त्याच्या जागी मी असते तरी आधी त्या हातांत काय आहे ते पाहिलं असतं. आईंचे हात कधीच काही करायला येत नाहीत. कळतं, पण कळल्याने कमी होत नाही.

तसा तो कुणाचं ऐकणारा नव्हेच. त्याची आई आमच्या गल्लीतली, तांबूस रंगाची, मोठी शहाणी होती. बाप कोण ते त्याच्या शेपटीवरून सगळ्या रामबागेला माहीत आहे, वळणावरच्या बंगल्यातला पांढरा झिपऱ्या पॉमेरियन. म्हणून अंग गावठी, सडसडीत, तांबूस, आणि मागे हा पांढरा झुबका. एक कान उभा राहतो, दुसरा अर्ध्यातून मोडतो. मुलाने, ओंकारने, थंडीत उचलून आणला तेव्हा बाहेरून भाजल्यासारखा आणि पोटाशी पांढरा, म्हणून गराडू. सराफ्यात थंडीत कढईपाशी उभं राहून, वरून जिरावण मसाला भुरभुरून ज्यांनी तळलेला गराडू कंद खाल्लाय त्यांना नाव लगेच पटतं. बाकीच्यांना मी समजावत बसत नाही.

सकाळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की हा गच्चीवर धावतो आणि ती गाडी वळेपर्यंत तिच्याबरोबर गातो. गाडीवरचा भैया आता खालूनच त्याला ‘राम राम’ करतो. कुकरच्या पहिल्या शिट्टीला भुंकतो, दुसरीला नाही. बसायच्या आधी चटई उकरून तीनतीन गिरक्या घेतो. रानात गवत दाबून जागा करायची जुनी खोड म्हणे, ती आमच्या मोझॅकवर अजून चालू आहे. पोह्यांतून शेव तेवढी चाटून नेतो. चप्पल चोरतो ती डाव्या पायाचीच, आणि चावत नाही, नुसती जिन्यात नेऊन तिच्यावर मान टाकून झोपतो. आता मागे वळून पाहिलं तर त्यातल्या बऱ्याच चपला आईंच्या होत्या. हे मी आधी कधी जुळवून पाहिलं नव्हतं. असो.

काल दुपारी मेथी निवडायला आईंजवळ बसले. विषय काढायचा नव्हता. त्यांनीच काढला.

‘काय गं, मॅच जिंकलो का काल?’

मी म्हटलं, ‘आई, एवढे फटाके फुटले, तुम्हाला कळलं नाही?’

‘कधी?’ म्हणाल्या. ‘मी साडेनऊलाच कानाचं मशीन काढून ठेवलं. हा मेला मधेच येऊन उभा राहिला, नाक लावलं हाताला, थरथरत होता. मला वाटलं थंडी वाजतेय. म्हटलं बस.’

मेथीची काडी हातात तशीच राहिली. त्यांनी एकही आवाज ऐकला नव्हता. लड, बॉम्ब, हॉर्न, पोरांचा गलका, काहीच नाही. सगळ्या घरात, कदाचित सगळ्या गल्लीत, त्या एकट्या जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांचा श्वास रोजच्यासारखा चालू होता, हात सैल होता. आणि मी? मी तर फटाका वाजायच्या आधीच दचकत होते, पुढचा कधी वाजेल या काळजीने. हात पसरले होते खरे, पण ते ताठ होते. आवाज चढलेला होता. त्याला धीर द्यायला बसले होते आणि अंगाने त्याला सांगत होते की काहीतरी भयंकर चाललंय.

रात्री ओंकारशी बोलताना हे सांगितलं. त्याने लगेच काहीबाही वाचून दाखवलं. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, म्हणजे त्या फटाक्यात आपल्याला ऐकूच येत नाही असंही पुष्कळ त्याला ऐकू येत असणार. आणि बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातला २०२२ सालचा एक प्रयोग: माणसांना तोंडी अवघड वजाबाक्या करायला लावून त्यांना ताण आणला, आधीचे आणि नंतरचे घामाचे व श्वासाचे नमुने कुत्र्यांपुढे ठेवले, तर दहापैकी नऊपेक्षा जास्त वेळा त्यांनी ताणाचा नमुना नुसत्या वासावरून वेगळा काढला. त्यात संकरित कुत्रीही होती, असं त्याने मुद्दाम सांगितलं. मग म्हणाला, ‘आई, म्हणूनच तर मी पण तुला सगळं…’ आणि थांबला. मीही पुढे विचारलं नाही. जेवलास का, एवढंच विचारलं.

ते अर्धं वाक्य आज सकाळपासून गराडूच्या त्या बघण्याशेजारी येऊन बसलंय. पण त्याबद्दल आज नाही लिहीत.

गराडूचं मात्र थोडं सुटल्यासारखं वाटतंय. तो आईंवर जास्त प्रेम करतो म्हणून गेला असं मी धरून बसले होते. आता वाटतं, तो त्या घरातल्या एकमेव न घाबरलेल्या जिवाकडे गेला. त्याने निवड केली, आणि बरोबर केली. मी त्याच्या जागी असते तर मीही तिकडेच गेले असते. खरं सांगायचं तर ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी मी तरी कुणाच्या खोलीत जाऊन बसले होते? आईंच्याच. काही बोलल्या नव्हत्या त्या. जपाची माळ ओढत बसल्या होत्या आणि मी त्यांच्या पलंगाशी टेकून खाली बसले होते.

आणि ताठ हातांचंही काहीतरी मोल आहेच की. टिक फीवरमध्ये पहिल्या दिवशी हिरड्या फिक्या झालेल्या मला दिसल्या, कारण मी काळजीने रोज त्याचं तोंड उघडून बघते. निवांत माणसाला ते दिसलं नसतं. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं. त्याचं जगणं या काळजीतून आलंय. त्याला निजायला मात्र दुसरीकडे जावं लागतं. हे लिहिलं आणि थोडं रडू आलं, पण कालच्यासारखं नाही.

महिनाअखेरीस चंपाषष्ठी आहे. कुलदैवत खंडोबा, त्यामुळे आमच्याकडे तळी भरतात, चातुर्मासात बंद असलेलं वांगं आणि कांदा त्या दिवशी सुरू होतं, वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा होतो. आणि नैवेद्यानंतर पहिला घास कुत्र्याला, कारण तो मल्हारीचा. दरवर्षी आई पान घेऊन फाटकापर्यंत जातात आणि गल्लीतल्या कुत्र्यांना घालतात. राजवाड्यातल्या मल्हारी मार्तंडाच्या दर्शनाला जाऊन आल्याशिवाय त्या स्वतः जेवत नाहीत. घरात गराडू असताना घास बाहेर का, हे मी कधी विचारलं नाही. पाळलेल्याचं तसलं काही नसतं, असं त्यांच्या मनात असावं. काल त्यांनी आपणहून विचारलं, ‘यंदा ह्यालाच दिला पहिला घास तर चालेल का गं?’

मी म्हटलं चालेल, पण भरीत नको. कांद्याने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवलेल्या कांद्यानेसुद्धा, आणि याचं तर रक्त आत्ता कुठे भरून आलंय. आईंनी जरा विचार केला. देवाच्या नैवेद्यातून कांदा काढणं त्यांना जड गेलं असणार. मग म्हणाल्या, ‘मग रोडगा देऊ. तूप लावून. तूप चालतं ना?’ थोडं चालतं, म्हटलं.

आज दुपारी त्याची चटई आतल्या खोलीत नेली. मीच नेली. लग्नसराई सुरू झाली आहे, आता वराती आणि फटाके अधूनमधून चालूच राहणार. आईंनी अटी घातल्या: चटई देवघराच्या बाजूला नको, पायांशी असू दे, पलंगावर चढला तर दोघांनाही बाहेर काढीन, म्हणजे त्याला आणि मला. मी म्हटलं, ‘मग गोळ्यापण आता तुम्हीच द्या त्याला, तुमचं ऐकतो.’

‘छे गं बाई,’ म्हणाल्या, ‘मला कुठे दिसतंय गोळी आहे की बटण. ते तुझंच काम.’

गोचिडीची पुढची गोळी शनिवारी आहे. तुपात घोळून देणार.