क्लेमेंटेच्या पुलावरून मॅझरॉस्कीच्या भिंतीपर्यंत

बेसबॉल सामन्याच्या दिवशी अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधला एक पिवळाधमक पूल गाड्यांना बंद असतो. ॲलेगनी नदीवरचा हा रॉबर्टो क्लेमेंटे पूल ओलांडला की समोरच पीएनसी पार्क, म्हणजे पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचं मैदान. काळ्या-सोनेरी जर्सी घातलेली कुटुंबंच्या कुटुंबं पोरंबाळं घेऊन चालत निघतात. मीही त्यांच्यात मिसळलो, पण मला ओढ होती जुन्या खेळाडूंची. पायरेट्सनी १९७९ नंतर वर्ल्ड सिरीज, म्हणजे चार सामने आधी जिंकेल त्याला अजिंक्यपद देणारी मालिका, जिंकलेली नाही. चालू संघाचा विषय काढला की इथली मंडळी वैतागतात आणि पुतळ्यांपाशी आली की हळवी होतात.

पूल उतरताच क्लेमेंटेचा पुतळा भेटतो. बॅट हातातून सुटतेय आणि गडी पळायला निघालाय. पोर्तो रिकोचा हा खेळाडू १९५५ ते १९७२ अशी १८ वर्षं याच एका संघाकडून खेळला. चार वेळा फलंदाजीच्या सरासरीत नॅशनल लीगमध्ये (अमेरिकी बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी एक) पहिला, क्षेत्ररक्षणासाठीचे १२ 'गोल्ड ग्लव्ह' पुरस्कार आणि १९७१च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू. ३० सप्टेंबर १९७२ रोजी न्यूयॉर्क मेट्स संघाच्या जॉन मॅटलॅकला डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारून त्याने ३००० हिट्स, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, पूर्ण केल्या. आकडा तिथेच थांबला. त्या डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोहोचत नाही असं कळल्यावर ३१ तारखेला तो स्वतः सामान घेऊन निघाला. ओझ्याने लादलेलं विमान उडताच समुद्रात कोसळलं. त्याचा मृतदेहही सापडला नाही. हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत येण्यासाठीची पाच वर्षं थांबण्याची अट त्याच्यापुरती बाजूला ठेवली गेली. त्याच्या जर्सीचा क्रमांक २१, म्हणून मैदानाची उजवीकडची भिंत बरोब्बर २१ फूट उंच आहे. मला हे पुतळ्याहून जास्त भावलं, कारण तिथे चेंडू आदळला की खेळातही तो असतोच.

विली स्टारजेलचा पुतळा डाव्या बाजूला आहे. ४७५ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके), आणि १९७९ला वयाच्या ३९व्या वर्षी वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू. संघातली पोरं त्याला 'पॉप्स' म्हणत. २००१ला या मैदानावर पायरेट्सचा पहिला अधिकृत सामना होता, त्याच दिवशी तो गेला.

दुसऱ्या दिवशी बसने पिट्सबर्गमधल्याच ओकलंड भागात गेलो. पायरेट्सचं जुनं मैदान फोर्ब्स फील्ड पाडून तिथे विद्यापीठ उभं राहिलंय. पोझवर हॉल या इमारतीत, विद्यार्थ्यांच्या पायाखाली, जमिनीत काचेखाली होम प्लेट, म्हणजे फलंदाज जिथे उभा राहतो तिथली पाटी, जपून ठेवलीय. पोरं बिनधास्त त्यावरून जातात. बाहेर विटांच्या भिंतीचा एक तुकडा उरलाय.

१३ ऑक्टोबर १९६०. याच मैदानावर वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, नववी म्हणजे शेवटची इनिंग, ९-९ अशी बरोबरी. पायरेट्सच्या बिल मॅझरॉस्कीने राल्फ टेरीचा चेंडू डावीकडच्या भिंतीपल्याड धाडला आणि न्यूयॉर्क यांकीज हरले. गंमत म्हणजे सात सामन्यांत मिळून यांकीजच्या धावा ५५ आणि पायरेट्सच्या २७! त्याहून मोठी गंमत म्हणजे मॅझरॉस्की मुळात नावाजलेला होता तो क्षेत्ररक्षणासाठी, फलंदाजीसाठी नव्हे. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना होम रनच्या फटक्यावर तिथल्या तिथे संपला, असं त्यानंतर आजवर घडलेलं नाही.

जमलं तर १३ ऑक्टोबरलाच जा. दरवर्षी त्या दुपारी चाहते भिंतीपाशी जमून सामन्याचं जुनं रेडिओ समालोचन पहिल्यापासून ऐकतात. वेळ अशी जुळवलेली असते की मॅझरॉस्कीचा फटका बरोबर ३ वाजून ३६ मिनिटांनी, म्हणजे मूळ वेळेलाच पडतो. खुर्ची घरूनच न्या.