चारित्र्य पडताळणी आणि जुना गुन्हा: माझा अनुभव

केंद्र सरकारच्या नोकरीसाठी निवड झाली की साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची माहिती आणि पूर्वीचे गुन्हे लिहून द्यायचा अटेस्टेशन फॉर्म, भरावा लागतो. माझ्या नावावर कॉलेजच्या काळातला एक गुन्हा होता. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्यानंतर दोन तालमींच्या (इथे फुटबॉल संघ तालमींच्या नावाने खेळतात) समर्थकांत दगडफेक झाली आणि गर्दीतल्या पोरांबरोबर माझंही नाव फिर्यादीत आलं. पुढे निर्दोष सुटका झाली. कोल्हापुरात अशी पोरं पेठेपेठेत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

निर्दोष सुटलो म्हणजे आता काही लिहायला नको, असं सगळेच सांगतात. हा सल्ला घातक आहे. नमुन्यात प्रश्न सुटे सुटे असतात: कधी अटक झाली का, खटला भरला गेला का, बाँड लिहून घेतला का, कोर्टाने दंड केला का, शिक्षा झाली का, विद्यापीठाने परीक्षेला बसायला बंदी केली का, सध्या काही प्रलंबित आहे का. सुटका झाली तरी खटला भरला गेला होता, म्हणून तिथे ‘होय’च लिहायचं. पोलिसांनी नुसती नोटीस देऊन सोडलं असेल तर ती अटक नाही. पण आरोपपत्र कोर्टात गेलं असेल तर खटला आहे. गणपतीच्या आधी झालेल्या चॅप्टर केसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या प्रतिबंधक कारवाईत, शांतता राखण्याचा बाँड दिला असेल तर तो बाँडच्या प्रश्नात येतो. चेक बाऊन्सची केस तर हमखास राहून जाते, कारण लोक तिला पैशाचं भांडण समजतात. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खालचा तो फौजदारी खटलाच आहे.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा अवतार सिंग निकाल जरूर वाचा. माहिती खरी हवी, लपवलेली नको, हा त्याचा गाभा. किरकोळ प्रकरण असेल तर दडवणूकही माफ करायची मुभा खात्याला आहे, पण तो खात्याचा अधिकार आहे, आपला हक्क नव्हे. उलट सगळं खरं सांगितलं तरी खातं पूर्वचारित्र्य तपासू शकतं, नोकरी द्यायलाच हवी असं बंधन त्याच्यावर नाही. म्हणून ‘होय’ लिहून थांबू नये, कागद जोडावेत.

मी फिर्यादीची प्रत, आरोपपत्र आणि निकालपत्राची प्रमाणित नक्कल जोडली. नक्कल कसबा बावड्याच्या कोर्टात अर्ज करून मिळते. अर्जात खटल्याचा क्रमांक आरसीसी (नियमित फौजदारी खटला) की एससीसी (संक्षिप्त फौजदारी खटला), वर्ष आणि निकालाची तारीख लिहावी लागते. क्रमांक माहीत नसेल तर ई-कोर्ट्सवर नावाने शोधता येतो. नमुन्यातल्या रकान्यात गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणे, कलमं, कोर्ट, निकाल एवढंच लिहायचं. आपली बाजू मांडत बसू नये. निकालपत्रात साक्षीदार फितूर झाल्याने सुटका झाली की पुरावाच नव्हता, हे खातं वाचतं. मारामारीच्या केसपेक्षा फसवणूक, चोरी, विनयभंग अशा केसमध्ये हा फरक फार जड जातो.

पुढे कागद पोलिसांकडे जातात आणि ठाण्यातले गोपनीय शाखेचे हवालदार घरी येतात किंवा बोलावतात. राहण्याचे पत्ते, शेजारी, नमुन्यात दिलेल्या दोन ओळखीच्या व्यक्ती, सगळं विचारतात. त्या दोघांना आधी कल्पना दिलेली बरी. इथे एक अडचण हमखास येते: ठाण्याच्या नोंदीत निकाल चढलेला नसतो, केस ‘न्यायप्रविष्ट’ दिसते आणि अहवाल तसाच वर जातो. माझ्या बाबतीत हेच होणार होतं. “साहेब, निकाल लागलाय, ही नक्कल,” म्हणून प्रत दिली, अर्ज जोडला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तोंडी सांगून भागत नाही.

नमुना दिल्यानंतर नवा गुन्हा, अटक किंवा दंड झाला तर तोही खात्याला लगेच लेखी कळवावा लागतो, तसं नमुन्यातच छापलेलं असतं. शेतीच्या बांधावरून झालेल्या भांडणाची फिर्याद या काळात आली तरी पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाईलला लावा.