बसून ९५, चालून ९०

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. सांगलीत ऊन मी म्हणत होतं. अण्णा शेतावरून आले ते गळूनच. अंग मोडून आलेलं, पोट बिघडलेलं. ऊन लागलं असणार, असं आई म्हणाली आणि आम्हालाही ते पटलं. ताप नाही, खोकला नाही. पण संध्याकाळी दूध उतू जाऊन करपलं, त्याचा वास पुढच्या दारापर्यंत आला, आणि गॅसशेजारी पाटावर बसलेल्या अण्णांना त्याचा पत्ताच नव्हता. त्याच रात्री त्यांचं अंथरूण मागच्या खोलीत घातलं.

अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह आली. आमचे डॉक्टर म्हणाले, "तिच्यावर विसंबू नका. आरटीपीसीआरचा रिपोर्ट येईपर्यंत पॉझिटिव्हच समजा." म्हणून खिडक्या रात्रंदिवस उघड्या, मास्क घरातही, ताट दाराशी. भाजीच्या पिशव्या पुसत बसण्यापेक्षा त्या उघड्या खिडक्यांचाच जास्त उपयोग झाला असं मला आजही वाटतं, कारण हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. अण्णांना एकटं जेवायची सवय नाही. आई उंबऱ्याबाहेर मास्क लावून, लांब खुर्ची टाकून बसायची. तेवढ्यावर दोन घास जास्त जायचे.

मी शाळेच्या वहीत रकाने आखले: ताप, ऑक्सिजन, नाडी, साखर. ऑक्सिमीटर बोटाला लावला की पहिला आकडा धरायचा नाही. हात गार असेल तर आधी चोळायचा, मग मिनिटभर आकडा स्थिर होऊ द्यायचा. खरी परीक्षा चालण्याची. सहा मिनिटं घरात चालायचं, साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं चाललं तरी चालतं. चालून आल्यावर आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा तीनपेक्षा जास्तीने उतरला, तर डॉक्टरांना लगेच फोन. बसल्या जागीच ९४ च्या खाली असेल त्याला मात्र चालवायचं नाही.

त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर औषधांची एक चिठ्ठी फिरत होती, तिच्यात स्टिरॉइडही होतं. नातेवाईक आग्रह करत होते, डॉक्टर ठाम राहिले. ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत जून २०२० मध्येच दिसलं होतं की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने जीव वाचतात ते ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांचे. ऑक्सिजन न लागलेल्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता. अण्णांना मधुमेह, म्हणजे साखर भडकण्याचा धोका वेगळाच. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

आठवड्यानंतर अण्णा म्हणाले, "बरं वाटतंय रे, पेपर दे." पेपर वाचत बसलेल्या माणसाचा ऑक्सिजन ९५. तरी चालायला लावलं. आकडा ९०. धाप नाही, तक्रार नाही, उलट माझ्यावरच चिडले. हीच या आजाराची भयंकर गोष्ट: फुप्फुसं मागे पडत असतात आणि माणसाला ते कळत नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास बऱ्याच जणांचं असंच बिघडायचं. बेडसाठी फोन फिरवताना मी त्यांना पालथं झोपवलं, छातीखाली आणि नडगीखाली उशा देऊन. आकडा दोनने वर आला. रात्री बेड मिळाला. तिथे ऑक्सिजन लागला, आणि स्टिरॉइडही तिथेच सुरू झालं, वेळेवर.

घरी आल्यावरचे दिवस जास्त लांबले. आंघोळ करून आले की खाटेवर बसून राहायचे. साखर पुन्हा पुन्हा तपासायची, आणि म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या भीतीने रोज विचारायचं: गाल दुखतो का, नाक एकाच बाजूने चोंदतंय का, दात हलतोय का? तीन छोट्या चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायचा व्यायाम नातीसमोर ठेवला तरच व्हायचा. तिसरा चेंडू वर गेला की ती टाळ्या वाजवायची.

घरात कुणाला सर्दी झाली तर अण्णांना आम्ही अजूनही वेगळं झोपवतो. ऑक्सिमीटरचे सेल बदलायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय.