सराव-लिलाव क्रमांक ३: सरासरीने केलेला घात
१७ मार्च २०२४, एडिसन, न्यू जर्सी

आमची फँटसी बेसबॉल लीग आहे: अमेरिकेतल्या मेजर लीगचे खरे खेळाडू लिलावात घेऊन कागदावर संघ बांधायचा आणि त्यांच्या मोसमातल्या आकड्यांवर दर रकान्यात गुण मिळवायचे. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते की होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर मारणे) आणि स्टील (धावत पुढचा बेस चोरणे) या दोन्ही रकान्यांचा प्रश्न यंदा मार्गी लागला आहे. काल तिसरा सराव-लिलाव झाला, २६० डॉलरमध्ये तेवीस खेळाडू भरले, अंदाजित गुणतक्ता समोर आला आणि तोरा उतरला. होम रनमध्ये ११ गुण, धावांमध्ये ११, आरबीआयमध्ये (आपल्या फटक्याने संघाला मिळवून दिलेल्या धावा) १०, स्टीलमध्ये ९ आणि फलंदाजीच्या सरासरीत, म्हणजे दर अॅट-बॅटमागे (मोजली जाणारी फलंदाजीची पाळी) किती हिट्स (बेस मिळवून देणारे फटके) यात, फक्त १. बारा संघांत बारावी! माझ्या स्वतःच्या तक्त्यात मात्र हाच संघ सरासरीत मधल्या क्रमांकावर दिसत होता आणि ते जास्त बोचले, कारण वाईट संघ निवडला तर सुधारता येतो, पण तक्ताच खोटे बोलत असेल तर आधीच्या दोन्ही सरावांवरही पाणी पडते.

आज सकाळपासून मी सूत्रे उलगडत बसले होते. दुपारी आमच्या लीगमधल्या एका ज्येष्ठ सदस्यांना फोन केला. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो आणि अमेरिकेत येण्यापूर्वी ते दादरला क्लब क्रिकेटचे स्कोअरबुक लिहीत असत. त्यांनी दोन मिनिटांत विचारले, “अगं, तीनशे अॅट-बॅटवाला आणि सहाशे अॅट-बॅटवाला, दोघांची सरासरी तू एकाच मापाने मोजलीस का?” मोजली होती. चौदा फलंदाजांच्या चौदा सरासऱ्या घेऊन त्यांची सरळ सरासरी काढण्याचा शाळकरी प्रमाद मी तीन महिने सुखाने करत होते.

यावर उपाय म्हणून मी सरासरीचा रकानाच काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘जादा हिट्स’ हा रकाना घातला. गेल्या मोसमात आमच्या लीगमधल्या मधल्या संघाची सरासरी ०.२६० च्या आसपास होती. तेवढ्याच अॅट-बॅटमध्ये ०.२६० च्या फलंदाजाने किती हिट्स मारल्या असत्या, ते खेळाडूच्या प्रत्यक्ष हिट्समधून वजा करायचे, एवढेच. काइल श्वार्बरने २०२३ मध्ये ४७ होम रन मारले, पण ५८५ अॅट-बॅटमध्ये हिट्स ११५, म्हणजे सरासरी ०.१९७. ०.२६० ने १५२ व्हायला हव्या होत्या. एकटा श्वार्बर ३७ हिट्सचा खड्डा पाडतो! माझा कॅचर (बेसबॉलमधला यष्टिरक्षक) तीनशे अॅट-बॅटमध्ये ०.२९० ने खेळेल असे धरले, तर तो जेमतेम ९ हिट्स परत देतो. जुन्या तक्त्यात मात्र त्याचे ३० अंक (०.२९० वजा ०.२६०) श्वार्बरच्या ६३ अंकांपैकी जवळजवळ निम्मे भरून काढत होते.

याचीच उलट बाजू मला विशेष आवडली. कॅचर विश्रांती घेतात, त्यांना अॅट-बॅट कमी मिळतात, त्यामुळे ०.२३० चा कॅचर संघाला जेमतेम ९ हिट्सने मागे ओढतो. दोन कॅचरांच्या आमच्या लीगमध्ये कॅचरच्या सरासरीसाठी मी जे पाच-सहा डॉलर जास्त मोजत होते, ते वाचले. ही बचत किरकोळ असेल, पण तिने आजचा दिवस सार्थकी लागला.

मग श्वार्बर घ्यायचाच नाही का? तसे नाही. पहिला विचार असा होता की त्याच्या जोडीला लुईस अराएझ घ्यावा. २०२३ मध्ये त्याने ५७४ अॅट-बॅटमध्ये २०३ हिट्स मारल्या, म्हणजे जादा हिट्स ५४. दोघांची मिळून सरासरी ०.२७४ आणि होम रन ५७ होतात. इथपर्यंत लिहून मी ही नोंद संपवणार होते, पण अराएझच्या वाट्याचे होम रन १० आणि स्टील ३ पाहून हात आखडला. लिहितालिहिताच तक्ता नव्या रकान्यानुसार लावून पाहिला, तेव्हा यांडी डियाझ वर आला. त्याच्या ५२५ अॅट-बॅटमध्ये १७३ हिट्स, म्हणजे जादा हिट्स ३६ हून थोड्या अधिक. श्वार्बरचा खड्डा तो जवळजवळ तंतोतंत भरतो आणि वर २२ होम रन देतो. अर्थात २०२२ मध्ये त्याचे होम रन ९ च होते, म्हणून त्याच्या ताकदीसाठी मी पैसे मोजणार नाही. हिट्सचे मोजेन, बाकीचे वरकड समजेन.

स्टीलबाबतचा माझा बेतही यामुळे बदलला. मोठे बेस आणि पिचरच्या (गोलंदाजाच्या) पिकऑफवरची, म्हणजे बेसवरच्या धावपटूला बाद करायला चेंडू फेकण्यावरची, मर्यादा आल्यापासून मेजर लीगमधले एकूण स्टील २०२२ च्या २,४८६ वरून २०२३ मध्ये ३,५०३ वर गेले. माल मुबलक झाला की केवळ पळणाऱ्या खेळाडूला भाव द्यायचा कशाला? एस्टेउरी रुईझचे ६७ स्टील डोळे दिपवतात, पण होम रन ५. त्याला मी यादीतून काढले आहे.

हीच युक्ती ईआरएलाही (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा; क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेलेल्या धरत नाहीत) लागू पडते, हे सुचले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. पिचर ब्लेक स्नेलच्या खात्यावर २०२३ मध्ये १८० इनिंगमध्ये अशा ४५ धावा लागल्या. ईआरए ४.०० धरला तर ८० होतात, म्हणजे बचत ३५. डेव्हिन विल्यम्सचा ईआरए १.५३, दिसायला केवढा देखणा, पण अठ्ठावन्न-एकोणसाठ इनिंगमध्ये बचत १६ धावांची. काल त्याच्या पाठीच्या फ्रॅक्चरमुळे मी हळहळत होते. आता वाटते, गेले ते सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन सामना राखण्याचे श्रेय. ईआरएचे नुकसान मी समजत होते त्याच्या निम्मेही नाही. स्नेलला मात्र ही नोंद लिहीपर्यंत कुठल्याच संघाने करारबद्ध केलेले नव्हते आणि त्याने दिलेले ९९ वॉक (फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) व्हिपला (दर इनिंगमागे वॉक आणि हिट्स) जड जातील, तेव्हा त्याच्यावर बोली बेतानेच.

जाता जाता, जानेवारीत छापलेली भावयादी विकत घेऊ नका. मी घेतली आणि तिच्यात विल्यम्स अजून ठणठणीत आहे. स्टीमर आणि झिप्स या खेळाडूंच्या पुढच्या मोसमाच्या दोन्ही अंदाजांतून अॅट-बॅट आणि हिट्स कच्च्या स्वरूपात उतरवून घ्या आणि वजाबाकी स्वतः करा.

चौथा सराव बुधवारी आहे आणि खरा लिलाव शनिवारी, २३ तारखेला. काकांनी नवा तक्ता मागितला आहे. तेही याच लीगमध्ये आहेत आणि गेल्या वर्षी माझ्यापेक्षा दोनच गुणांनी पुढे होते, म्हणून तो त्यांना शनिवारी रात्रीच पाठवीन.