कौतुक करून मोकळं व्हायचं

कुणी झकास चित्र काढलं की बघणाऱ्यांचं वाक्य ठरलेलं असतं, 'देवाने हात दिलाय बाबा तुला, आपल्याला काय जमतंय!' ऐकायला गोड वाटतं पण मला ते हल्ली खटकतं, कारण त्यात त्याचं कौतुक कमी आणि आपली सुटका जास्त असते. त्याला देवाने दिलंय, मला नाही दिलं, विषय संपला, आता मी पेन्सिल हातात नाही धरली तरी चालेल!

हे नुसतं माझं डोकं नाही बरं का. नेदरलँडमधल्या काही मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केले होते, त्यात ज्यांना हुशार मुलाचा हेवा वाटला (म्हणजे त्याला खाली खेचावं असा नाही, आपणही तिथे पोचावं असा) त्यांची कामगिरी सुधारली आणि ज्यांनी फक्त मनापासून कौतुक केलं ते होते तिथेच राहिले. त्यातली इंटरेस्टिंग गोष्ट अशी की 'मलाही जमू शकेल' वाटलं की माणूस हेवा करतो, आणि 'हे आपल्या आवाक्यातलंच नाही' वाटलं की कौतुक करून मोकळा होतो. कीर्केगार्ड या डॅनिश तत्त्वज्ञाने तर १८४९ मध्येच लिहून ठेवलंय की हेवा म्हणजे लपवलेलं कौतुकच. थोडक्यात एखाद्यावर जळत असाल तर अगदीच वाया गेलेला नाही तुम्ही 😄

पण मग कौतुक करायचंच नाही का? तसं नाही. माझी एक मैत्रीण आहे, ती चित्र बघते म्हणजे अक्षरशः नाक कागदाला लावते. 'मस्त', 'भारी' वगैरे काही नाही, डायरेक्ट विचारते, 'ही पापणीखालची सावली, इथे पेन्सिल आडवी धरलीस का? आणि हे खोडलंयस ना, आधी डोळा मोठा होता?' चित्र काढणाऱ्याचा चेहरा बघा अशा वेळी. तो गडी जुन्या वह्या काढतो, फसलेले डोळे दाखवतो, कुठला कागद रबराने फाटला तेही सांगतो, आणि ही बाई सगळं ऐकून घेते. तिला स्वतःला साधा गोल धड काढता येत नाही, शिकायचंही नाहीये, तरी तिचं ऐकताना मला कधी ती सुटका करून घेतेय असं वाटलं नाही. आणि निघताना वर विचारते, पुढचं कधी काढतोयस?