आजी-आजोबा, पोरं आणि कट्ट्यावरचा पन्हाळा

वसुबारसेला आठवडा उरलाय आणि आज आमच्या किल्ल्याचा सांगाडा उभा राहिला. गावाकडनं आजी-आजोबा आलेत, म्हणजे माणसं भरपूर. पण विचार आधी गुडघ्यांचा. किल्ला जमिनीवर नको, कट्ट्यावर करा. आजोबांचा हात खुर्चीतून पोचतो, पोरं उभ्यानं लिंपतात. वेळ चारनंतरची. दुपारचं ऑक्टोबरचं ऊन दोन्ही पिढ्यांना सोसत नाही.

विटा-दगडांवर गोणपाट कोरडं टाकू नका. ते वरच्या चिखलातलं पाणी ओढतं आणि थर सुटून येतो. पातळ चिखलात बुडवून, पिळून मगच पसरा. नुसत्या काळ्या मातीला तडे ठरलेले. दोन घमेली काळीला एक घमेलं तांबडी, वर ओंजळभर वाळू.

हिरवळीला हळीवच. तासभर भिजवलं की चिकट होतं, उतारावरही बसतं. मोहरी घरंगळते, शिवाय धाकटी मंडळी नाकात घालतात! पाणी हातानं शिंपडा, तांब्यानं ओतलं की बी वाहून जातं. परतीच्या पावसासाठी रात्री प्लास्टिक टाका, सकाळी न विसरता काढा, नाहीतर बुरशी धरते.

आता पन्हाळ्याची मांडणी: अंबरखाना, म्हणजे धान्याची कोठारं, मध्यावर, सज्जा कोठीची इमारत पूर्वेला, तीन दरवाजा पश्चिमेला. भोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. 1660 चा सिद्दी जौहरचा वेढा तिथंच पडतो, आणि तो सांगायचा मान आजोबांचा.

मावळे कुंभार गल्लीतनं आणा, पण पाणी घालणं संपल्यावरच मांडा. ओलीनं रंग सुटतो.